खर्जकाकांच्या सरावाच्या ओळी

कालव्याकाठचा रस्ता संपून गिरणीची लांब भिंत सुरू झाली, तिथे खर्जकाका डावीकडे वळले. गोदाम उजवीकडे होतं. मी म्हटलं, "काका, इकडे कुठे?" ते आणखी चार पावलं तसेच गेले, मग थांबून भिंतीच्या पोपडे निघालेल्या रंगाकडे बघत म्हणाले, "ही भिंत तुला दाखवायची होती."

"भिंतीत काय बघायचं?"

"काहीच नाही. म्हणूनच दाखवली. झाली ना बघून? मग चल."

मी हसले. काकांच्या बोलण्यातला अर्थ धरायला जावं तर हातात नुसतं शेपूट येतं, हे मला वीसेक वर्षांपासून माहीत होतं. आम्ही मागे फिरून गोदामाच्या वाटेला लागलो.

तासभर चालून झालं होतं, अजून तेवढंच बाकी होतं. काकांच्या खांद्यावर वजनांची चामड्याची पिशवी होती, आणि छोट्या वजनांची लाकडी पेटी माझ्या हातात. काका तराजू दुरुस्त करतात. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ते गोदामातला मोठा वजनकाटा तपासायला जातात, आणि चालतच जातात. बसच्या धक्क्यांनी वजनं झिजतात असं त्यांचं म्हणणं. बसनं झिजलेलं वजन मी अजून पाहिलेलं नाही, पण काकांशी वाद घालून कोणाचं भलं झालेलंही पाहिलेलं नाही.

त्या दिवशी मी बरोबर होते ती वजनं उचलायला नव्हे. येत्या बुधवारी आमच्या चर्चच्या पंचांची बैठक होती आणि तिच्यात एकच प्रश्न होता. दोनच दिवसांपूर्वी, गुरुवारी, शिपाईमामांच्या अंत्यविधीच्या वेळी, काकांनी जे गायलं ते मुद्दाम की चुकून? मुद्दाम असेल तर एक्केचाळीस वर्षांनंतर काकांना गायनमंडळातून नारळ. चुकून असेल तर माफी. गायनमंडळात मी काकांच्या बरोबर पुढच्या रांगेत उभी असते, त्यांचा श्वास माझ्या मानेवर येतो. म्हणून साक्ष माझी. आणि मला काय सांगावं ते कळत नव्हतं, म्हणून मी त्यांनाच विचारायला आले होते. तासाभरात माझा प्रश्न तोंडापर्यंत तीनदा आला आणि तीनदा परत गेला.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं वेड्यासारखं वाटेल. आमच्या गायनमंडळात सरावाच्या वेळी गीतांचे खरे शब्द गात नाहीत. फार जुने कोणी पाळक होऊन गेले, त्यांनी हे घालून दिलं. देवाचे शब्द देवापुढेच उच्चारायचे, चाल बसवताना ते पंचवीस वेळा घासून गुळगुळीत करायचे नाहीत. मग चाल बसवायची कशावर? तर सरावाच्या ओळींवर. त्याच चालीत, त्याच मापाच्या, पण अगदी साध्या, बिनमहत्त्वाच्या ओळी. पूर्वी म्हणे नुसतीच झाडांची आणि पक्ष्यांची नावं असायची. काका आले आणि झाडंपक्षी उडून गेले.

आमच्या पायपेटीत एकदा उंदीर शिरला होता. पेटीवाल्या बाई पाय मारायच्या आणि आतून चूंऽ यायचं. पुढच्या शनिवारी आभाराच्या गीताला काकांच्या ओळी आल्या:

पेटीत या उंदराचा सूर लागे खरा,
आम्ही सारे बेसूरच, उंदीरच बरा.

पेटीवाल्या बाई आठ दिवस काकांशी बोलल्या नाहीत. पण चाल मात्र एका बैठकीत बसली. काकांचं त्यावर एकच म्हणणं असे. "खऱ्या ओळीत जेवढी अक्षरं तेवढीच माझ्या ओळीत. उगीच कुठे ओढाताण दिसली तर दाखव. मापात पाप नाही आपलं."

मला हे आवडायचं का? तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. माझ्या आईनं मला प्रार्थना शिकवल्या त्या डोळे मिटून, हात जोडून. सरावाला मी हसायचे, आणि घरी आल्यावर आपण कशाला हसलो म्हणून मन खायचं. मग एका उपासनेत लक्षात आलं की खरे शब्द तोंडात आले की ते अगदी कोरे वाटतात, नव्या कापडासारखे. म्हणजे जुन्या पाळकांचं बरोबरच होतं. पण त्या कोऱ्या कापडाखाली तो उंदीरही चूं करत असायचा. या दोन्हींचं काय करायचं ते मला आजतागायत समजलेलं नाही.

मी छापखान्यात पुस्तकबांधणी करते. चर्चची गीतांची पुस्तकं सुटली की माझ्याकडेच येतात. गेल्या वर्षी काकांच्या ओळींचे कागद मी गोळा केले. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर लिहिलेले, त्यातले दोन तर दिव्याच्या खोक्यावरचे. ते शिवून, त्याच काळ्या कापडात, गीतांच्या पुस्तकासारखेच बांधून त्यांना दिले. कोणाला सांगितलं नाही. काकांनी पुस्तक तळहातावर तोललं आणि म्हणाले, "दीडशे ग्रॅम. एवढंच केलं होय मी आयुष्यात?"

ते चर्चमध्ये आले तेच मुळी गाण्यासाठी नव्हे. चर्चच्या स्वयंपाकघरातला तराजू एका बाजूला झुकत होता तो बघायला बोलावलं होतं. आत कोणी दिसेना, म्हणून मोठ्या दालनात उभं राहून ते ओरडले, "कोण आहे काऽ?" तर खिडकीच्या काचा थरथरल्या. तेव्हा चर्चचे शिपाई असलेले मामा जिन्याखालून डोळे चोळत बाहेर आले आणि म्हणाले, "हळू की हो, देव झोपलाय." काका म्हणाले, "देव का तुम्ही?" ती त्यांची पहिली भेट. मामांनीच त्यांना हाताला धरून पेटीवाल्या बाईंपुढे उभं केलं. काकू तेव्हा होत्या. त्या म्हणाल्या, "जा बाई, तिकडेच जाऊन ओरडा. घरात तोंड उघडलं की भांड्यांवरची धूळ उडते." खालचा, खर्जातला आवाज काकांचा एकट्याचा, म्हणून ते खर्जकाका. खरं नाव पंचांच्या वहीत असेल.

मामांचं आणि काकांचं जमलं ते असं की दोघांपैकी एक दिसला की दुसरा कुठेय म्हणून लोक विचारायचे. मामांच्यात एकच खोड होती, झोप. हिवाळ्यात आम्ही सगळे सरावाला दारात कुडकुडत उभे, आणि किल्ली मामांच्या खिशात, मामा खोलीत पांघरुणात. त्यावरच्या ओळी काकांनी आमच्या सगळ्यांत गंभीर गीताला लावल्या होत्या. अंत्यविधीला गातो ते गीत. त्याची खरी ओळ अशी:

तुझ्या दारी उभा आहे, थकलो रे देवा,
हात धर, आत घे रे, हाच एक ठेवा.

आणि काकांची सरावाची ओळ:

बंद दारी उभे सारे, शिपाई तो झोपी,
किल्ली त्याच्या खिशामध्ये, डोळ्यावर टोपी.

मामा स्वतः हे ऐकून दारातून टोपी हलवायचे. अठरा वर्षं आम्ही ते गीत याच ओळींवर बसवलं. खरे शब्द वर्षातून फार तर तीनदा म्हणायची वेळ यायची, आणि या ओळी तीस वेळा. म्हणजे विचार केला तर आमच्या जिभेला कशाची सवय जास्त? म्हणूनच उपासनेत प्रत्येकाच्या हातात पुस्तक असतं आणि डोळा पुस्तकावर. काकांच्या हातात कधीच नसतं. त्यांना सगळं पाठ.

गुरुवारी मामांची शवपेटी समोर होती. मामी पहिल्या रांगेत, त्यांच्या शेजारी मुलगा. त्या गीताची पहिली दोन चरणं खर्ज एकटा म्हणतो, मग सगळे तीच पुन्हा उचलतात. पेटीवाल्या बाईंनी सूर दिला. माझ्या मानेवर श्वास आला. आणि काका गायले. संथ, खोल, एक अक्षर न चुकता:

"बंद दारी उभे सारे, शिपाई तो झोपी…"

मला आधी काही वेगळं झालंय हे कळलंच नाही. सवयच ती. मग पाळकसाहेबांची मान वर झालेली दिसली, आणि तोवर आमची उचलायची वेळ आली होती. अर्ध्या लोकांनी पुस्तकातलं म्हटलं. अर्धे काकांच्या मागे वाहत गेले. "हात धर" आणि "किल्ली त्याच्या" एकाच सुरात एकमेकांवर आपटले. मामींनी पदर तोंडाला लावला आणि त्यांचे खांदे गदगदा हलायला लागले. ते हसणं होतं का रडणं, हे तिथे बसलेल्या शंभर माणसांना कळलं नाही. मुलाला मात्र वाटलं की त्याला कळलं. त्यानं दुसऱ्याच दिवशी पंचांना तक्रार लिहून दिली.

आणखी एक गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. वाहत गेलेल्यांत मी होते. माझ्या हातात पुस्तक होतं, मी स्वतः बांधलेलं, उघडं. आणि मी टोपीपर्यंत गायले.

पुलाच्या पायऱ्यांशी काका पिशवी ठेवून बसले. मी अखेर विचारलं.

"काका, गुरुवारी तुम्ही ते मुद्दाम केलंत का?"

"तुला काय वाटतं?"

"मला काहीच वाटेनासं झालंय. मुद्दाम म्हणावं तर तुम्ही मामांसाठी दोन रात्री रुग्णालयात बसलात. चुकून म्हणावं तर तुम्ही कधी चुकत नाही."

"मग तिसरं काहीतरी म्हण."

"तिसरं काय?"

"ते शोध. तू शिकलेली."

"सातवीपर्यंत."

"मग थोडं कमी शोध."

मला राग आला. मी म्हटलं, "थट्टा पुरे. पाळकसाहेब म्हणत होते, ही सरावाच्या ओळींची रीतच बंद करू. तुमच्यापायी सगळंच जाईल. सरळ सांगा ना, त्या क्षणी मनात काय होतं?"

काका म्हणाले, "मनात खरी ओळ होती. तोंडातून दुसरी आली. मला ऐकू आलं तेव्हा मलाच आश्चर्य वाटलं."

"म्हणजे चुकून! मग झालं. तेवढंच सांगू."

"थांब. आता म्हणून बघतो." त्यांनी घसा साफ केला आणि सूर धरला. पुलावरून जाणारा सायकलवाला मागे वळून बघायला लागला. "तुझ्या दारी उभा आहे…" काका थांबले. ओठ हलले. पुन्हा सुरुवात केली. "तुझ्या दारी उभा आहे… शिपाई तो झोपी."

मी हसले. देवाशपथ, मला तो विनोदच वाटला. काकाही हसले. मग त्यांनी तिसऱ्यांदा सुरुवात केली, आणि त्यांचा हात गुडघ्यावर ताल धरण्याऐवजी गुडघा घट्ट पकडून बसलेला मला दिसला. पुन्हा शिपाई आला.

"थकलो रे देवा," मी हळूच म्हटलं.

"हां. थकलो रे देवा." त्यांनी ते असं म्हटलं, जसं कोणी परक्या गावातल्या गल्लीचं नाव म्हणावं. "पुढे?"

"हात धर, आत घे रे."

"छान आहे," काका म्हणाले. "कोणी लिहिलंय कोण जाणे."

मग मला गिरणीची भिंत आठवली.

उरलेल्या वाटेवर माझ्या डोक्यात कल्ला चालला होता. गेल्या महिन्यात त्यांनी मला दोनदा तोच किस्सा सांगितला होता, पण काका किस्से दोनदाच काय, दहादा सांगतात. पेटीवाल्या बाईंना ते "अहो उंदीरबाई" म्हणाले होते, आणि ती थट्टा की नाव न आठवणं? ज्या माणसाचं सगळं आयुष्य थट्टेत गेलं, त्याचं विसरणं ओळखायचं तरी कशावरून?

गोदामात मी त्यांच्या हातांकडे टक लावून बघत होते. त्यांनी वजनकाट्याच्या चारही कोपऱ्यांवर एकेक वजन ठेवून पाहिलं, काटा कुठे थरथरतो ते मान वाकडी करून बघितलं, एका स्क्रूला केसभर पीळ दिला. एक हालचाल वाया नाही. गोदामवाला म्हणाला, "काका, तुमच्या हातचा काटा म्हणजे डोळे झाकून माल टाकावा." काका म्हणाले, "डोळे उघडे ठेव, नाहीतर मालाबरोबर तूच चढशील काट्यावर." म्हणजे हे सगळं शाबूत. मला क्षणभर फार हलकं वाटलं. मग परत निघताना त्यांनी मला विचारलं, "आपण आलो कोणत्या बाजूनं?" आणि मी त्यांच्या चेहऱ्यावर हसू शोधलं. ते होतं का नव्हतं, मला खरंच सांगता येणार नाही.

परतताना कालव्याकाठी मला एक युक्ती सुचली. मी म्हटलं, "काका, मी पंचांना सांगते की चूक माझी. दोन्ही पुस्तकं सारखीच दिसतात, काळ्या कापडातली. मी चुकून तुमच्या हातात सरावाच्या ओळींचं पुस्तक दिलं. तुम्ही समोर होतं ते वाचलंत. ना मुद्दाम, ना विसर."

"माझ्या हातात पुस्तक होतं?"

"नव्हतं. पण कोणाच्या लक्षात असणार आहे?"

काका चालता चालता थांबले. माझ्याकडे नीट वळले. "बाईसाहेब," ते म्हणाले (रागावले की ते मला बाईसाहेब म्हणतात, खूश असले तरीही), "हे खोटं आहे ना?"

मी तोपर्यंत त्याला खोटं म्हणून पाहिलंच नव्हतं.

"आहे," मी म्हटलं.

"म्हणजे खोटं बोलायचं हे तर तुझं ठरलंच आहे. मग माझ्या पसंतीचं बोल."

"म्हणजे?"

त्यांनी पिशवी खाली ठेवली. एरवी ते पिशवी रस्त्यावर टेकवत नाहीत, वजनांना धूळ लागते म्हणून.

"तू सांगितलंस की चुकून झालं, तर पाळकसाहेब विचारतील, कसं चुकलं? एक्केचाळीस वर्षांत नाही चुकला तो. मग माझ्याकडे बघतील. असं, मान तिरकी करून. मग मला पुढे बसायला खुर्ची देतील. पेटीवाल्या बाई माझ्याशी हळू आणि मोठ्यांदा बोलतील. लेकीला फोन जाईल, ती गाडी घेऊन येईल आणि दुकानाला कुलूप लावेल. विसरणाऱ्याच्या हातचा काटा कोण घेणार, सांग? चार कोपरे कसे बघायचे हे हात विसरलेले नाहीत अजून. ते विसरतील तेव्हा मीच कुलूप लावीन. पण ते मला कळायला हवं आधी, गावाला नंतर."

"पण काका, मुद्दाम म्हटलं तर तुम्हाला काढतील. लोक शिव्या देतील. मामांचा मुलगा…"

"देऊ देत की. शिव्यांची सवय आहे. शिवी देणारा माणूस आपल्याला शहाणा समजून देतो. मामीला मी आधीच सांगितलंय."

"काय सांगितलंत?"

"खरं. तिनं विचारलं नव्हतं. शुक्रवारी गेलो होतो."

"त्या काय म्हणाल्या?"

"म्हणाली, त्यांना उठवायचा तेवढाच एक उपाय राहिला होता, तोही करून पाहिलात." काकांनी डोळे पुसले. रडून की हसून पाणी आलं होतं, ते पुन्हा कळलं नाही मला. त्या कुटुंबात आणि या माणसात हसू कुठे संपतं ते मला कधीच सापडलेलं नाही.

लहानपणापासून मी साक्षीत खोटं बोललेली नाही. शाळेत एकदा शाई सांडली होती तेव्हाही नाही. देवाच्या घरात, देवाच्या माणसांपुढे, एका भल्या माणसावर मी खोटा आळ घ्यायचा, आणि तो त्या माणसाला हवा म्हणून. हे पाप की दया? मी मनातल्या मनात विचारलं. उत्तर आलं ते "शिपाई तो झोपी" याच चालीवर, आणि त्यात शब्दच नव्हते.

"आणि रीत?" मी विचारलं. "सरावाच्या ओळी बंद करतील ना मग."

"एका टवाळ म्हाताऱ्यानं खोडी काढली तर म्हाताऱ्याला काढतात, रीत राहते. पण रीतीमुळे माणसं खरे शब्द विसरतात असं ठरलं, तर रीत जाते." हे बोलताना काका अगदी पूर्वीसारखे होते, काटा स्थिर झाल्यावर बोलतात तसे. "बघ, दोन्ही पारड्यांत घालून बघ."

मी म्हटलं, "माझ्यानं नाही होणार. माझा चेहरा सांगतो सगळं."

काकांनी पिशवी उचलून खांद्यावर घेतली, माझ्या हातातली पेटीही काढून घेतली, आणि म्हणाले:

"तेवढं कर माझ्यासाठी, पोरी. बुधवारी उभी राहा आणि सांग, त्यानं मुद्दाम केलं. आणि सांगताना जरा चिडून सांग. रडवेली झालीस तर त्यांना कळेल."